रोलप्लेइंगसाठी स्वतःचं पात्र घडवायचंय: १७४० चं कोकण, सहा आकडे आणि पाचांतल्या चौघांचे मारले गेलेले आईबाप

रानजाई

नमस्कार मंडळी. आमच्या ठाण्याच्या गटात पुढच्या महिन्यापासून नवं कॅम्पेन (अनेक बैठकांत चालणारी एकच गोष्ट) सुरू होतंय. नियम डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे, पण जादू पूर्ण वगळलेली. साल १७४०, जागा उत्तर कोकण. वसई पडून वर्ष झालंय. आंग्र्यांच्या घरात फूट पडलीय, कुलाब्याला मानाजी आणि सुवर्णदुर्ग-विजयदुर्गाकडे संभाजी. जंजिऱ्याला सिद्दी, मुंबईत इंग्रज. आमच्या ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांच्या हातून जाऊन तीन वर्षं झालीत (तोच, जिथे आज मध्यवर्ती कारागृह आहे). जीएमने (खेळ चालवणाऱ्या गेम मास्टरने) स्पष्ट सांगितलंय की तयार पात्र कोणालाही मिळणार नाही, प्रत्येकाने आपलं घडवून आणायचं.

आम्ही पाच जण आहोत. परवा सगळ्यांनी आपापलं पात्र ग्रुपवर टाकलं. चौघांचे आईबाप शत्रूने मारलेत. तिघं फार कमी बोलतात. दोघांच्या गालावर वाराची खूण आहे. माझंही त्याच वळणाचं: सिद्दीच्या माणसांनी गाव जाळलं, ती एकटी वाचली, दांडपट्टा शिकली, आता सूड घ्यायचा. वाईट नाही, पण पाचही जण एका रांगेत उभे केले तर त्यातली माझी कोणती ते मलाच सांगता येणार नाही.

पात्राच्या सहा गुणांचे (ताकद, चपळाई, तब्येत, बुद्धी, शहाणपण, करिष्मा) आकडे टाकून झालेत. चार फासे टाकून सर्वांत लहान सोडून द्यायचा, त्या पद्धतीने १६, १४, १२, ११, ९ आणि ७ आले. कुठला कुठे ठेवायचा ते ठरलेलं नाही.

मला विचित्र पात्र नकोय. एक डोळा निळा, खांद्यावर घुबड, असलं काही नको. मला हवंय ते असं की काही महिने खेळून झाल्यावर गटातलं कोणीतरी म्हणावं, "छे, हा माणूस असं करणारच नाही." इतकं ओळखीचं पात्र कसं घडवतात? सुरुवात कुठून करू?

---

वीसपैलू

आकड्यांपासून सुरुवात कर. जादू नाही म्हणजे लढाई आणि चपळाईवर सगळा भार. १६ चपळाईला, १४ तब्येतीला, ७ सरळ करिष्म्याला देऊन टाक आणि बोलायचं काम दुसऱ्यावर सोपव. पात्र जगलं तर त्याला स्वभाव येईल.

स्वभावासाठी २०१४ च्या खेळाडू-पुस्तकातले तक्ते अजूनही कामाचे आहेत. त्यात तेरा पार्श्वभूमी आहेत आणि प्रत्येकीखाली आठ स्वभाववैशिष्ट्यं, सहा आदर्श, सहा बंध, सहा दोष. एकेक उचललं तरी एका पार्श्वभूमीत १७२८ वेगवेगळी माणसं निघतात. २०२४ च्या नव्या पुस्तकात पार्श्वभूमीसोबतचे हे तक्ते काढून टाकलेत, म्हणून जुनंच पुस्तक घे. फासे टाक, जे येईल ते स्वीकार. स्वतः निवडायला बसलं की आपण नेहमी त्याच त्या गोष्टी निवडतो.

---

मोडी_वाचणारी

रानजाई, हा काळ आणि हा खेळ दोन्ही माझ्या जिव्हाळ्याचे, त्यामुळे लांब लिहिणार आहे. मी पुण्यात टेबल चालवते आणि उरलेल्या वेळात मोडी कागद वाचते.

त्या कागदांत माणसं कशी भेटतात ते आधी सांगते. कोणीतरी काही मागायला आलेला असतो. बैल सरकारी कामावर गेला आणि मेला, त्याची भरपाई द्या. भावाने वाटणी बुडवली, न्याय करा. नाव, बापाचं नाव, गाव, धंदा आणि अडलेलं काम, एवढंच लिहिलेलं असतं. तो दिसायला कसा होता, गालावर वार होता की नव्हता, याचा पत्ता नसतो. तरीही चार ओळींत माणूस समोर उभा राहतो, आणि दुसऱ्या चार ओळींतला माणूस त्याच्याहून अगदी निराळा असतो. पात्र घडवताना मी हाच क्रम धरते: धंदा, मग देणं, मग अडलेलं काम. स्वभाव त्यातून आपोआप बाहेर येतो, तो आधी लिहावा लागत नाही.

आधी धंद्याचं बघू. "योद्धा" हा धंदा फार ढोबळ आहे. १७४० च्या कोकणात पोट भरायचे किती मार्ग होते! गुराबेवरचा तांडेल, गलबतावरचा खलाशी, तोफेवरचा गोलंदाज. मिठागरात राबणारा आगरी. काथ्याचे दोर वळून गोदीला पुरवणारी बाई. बैलांचे तांडे घेऊन छावणीला धान्य पोचवणारा लमाण. पत्रं घेऊन पळणारा जासूद. वसईच्या चर्चमधल्या घंटा उतरवून गाड्यांवर चढवणारे सुतार आणि गाडीवान, कारण त्या घंटा खरोखरच तिथून निघाल्या आणि देवळांत जाऊन टांगल्या गेल्या. भीमाशंकरला आणि नाशिकच्या नारोशंकराला आजही बघायला मिळतात. यातला कोणताही एक माणूस उचल आणि विचार कर की खोलीत शिरल्यावर त्याची नजर आधी कुठे जाते.

एक उदाहरण देते. खाडीवर माणसं पार करणारा होडीवाला घे. गटाला रात्रीत कुलाब्यात शिरायचंय. तलवारबाज म्हणणार, पहारेकरी किती? हा म्हणणार, "आज तिथी कोणती?" अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण असतं, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी चढणारी भरती. अलिबागेहून कुलाब्याला ओहोटीत पायी जाता येतं आणि भरतीत जाता येत नाही, तेव्हा त्याचा हा एक प्रश्न अख्खा बेत फिरवतो. खेळणाऱ्याला ना नाटकी आवाज काढावा लागतो, ना लांब भाषण करावं लागतं. तीनचार वेळा तिथी विचारली की पाचव्या वेळी बाकीचे खेळाडू त्याच्याकडे वळून बघतात. तुला हवं ते ओळखीचं होणं ते हेच.

आता आईबापांचं. मेलेल्या माणसाची मोठी अडचण ही की तो टेबलावर येऊ शकत नाही. जीएमने त्याचं काय करायचं? तो पत्र पाठवू शकत नाही, पैसे मागू शकत नाही, चुकीच्या बाजूला उभा राहू शकत नाही, माफ करू शकत नाही. गाव जळालं आणि सगळे मेले असं लिहिलंस की सगळी नाती पहिल्या पानावरच संपली. तुझीच गोष्ट घेऊया, फक्त दोन माणसं, आई आणि भाऊ, जिवंत ठेवूया. गाव जळालं आणि तिचा धाकटा भाऊ आज सिद्दीच्याच जहाजावर पगारी खलाशी आहे. दर पावसाळ्यानंतर तो आईसाठी पैसे पाठवतो. ते पैसे घरात येतात, त्याचेच तांदूळ शिजतात आणि ती ते खाते. आता तिचा सूड किती अवघड झाला बघ! सिद्दीचं गलबत बुडवायची वेळ आली की आधी तिला त्यावर कोण कोण आहे ते शोधावं लागणार. ही बाई इतर चौघांपैकी कोणासारखीही राहत नाही, आणि तिच्या अंगावर आपण एकही नवं चिन्ह चढवलेलं नाही.

सूड टाकूनच दे असं माझं म्हणणं नाही. १९८५ मध्ये ग्रेग स्टॅफर्डचा पेंड्रॅगन हा खेळ आला. त्यात स्वभावाच्या तेरा जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीची बेरीज वीस. क्षमाशील आणि सूडबुद्धी ही त्यातलीच एक जोडी. सूडबुद्धी १२ असेल तर क्षमा ८ असतेच. मला हे फार खरं वाटतं. सूडाच्या पात्रात माझं लक्ष त्या आठाकडे असतं. ती कोणाला माफ करते? कुठल्या प्रसंगी हात आवरते? एवढं ठरवून ठेवलंस तर तुझं पात्र सूडाचं असूनही तुझंच राहील.

तिसरी गोष्ट, अडचणीत सापडल्यावर पहिली हालचाल. लढाईतली धरू नकोस, त्याच्या आधीची धर. आमच्या टेबलावर एकीने आंग्र्यांच्या आरमारातला दस्तक तपासणारा कारकून आणला होता, विसाजी नावाचा. या किनाऱ्यावर व्यापारी गलबतांनी आंग्र्यांचं दस्तक घेऊन फिरायचं, नाहीतर माल जप्त, अशी रीत होती आणि इंग्रजांचं त्यावरूनच कान्होजीशी बिनसलेलं. विसाजीचं काम अडवलेल्या गलबतावर चढून कागद आणि माल ताडून पाहायचं. कागदात लिहिलाय त्यापेक्षा भार जास्त असेल तर गलबत पाण्यात खोल बसतं, हे त्याला लांबून दिसायचं. तिने एकच सवय ठरवली होती: तो कोणाच्याही तोंडी शब्दावर हलत नाही, कागद मागतो. एकदा गडाच्या दरवाजात हवालदाराने गटाला अडवलं. सगळ्यांचे हात तलवारीकडे गेले आणि विसाजी पुढे होऊन म्हणाला, "आम्हाला अडवायचा हुकूम दाखवा." हुकूम नव्हता. हवालदार स्वतःच्या जिवावर हे करत होता, आणि ते का, हे शोधण्यातच आमचे पुढचे कितीतरी रविवार गेले. माझ्या टिपणांत त्या दिवशी फक्त एक चकमक लिहिलेली होती.

वीसपैलू, तुमच्या तक्त्यांना माझा विरोध नाही. सुचत नसेल तेव्हा फासा मदत करतो. पण तक्ता "मी मित्रांसाठी जीव देईन" असं वाक्य हातात ठेवतो आणि ते कोणालाही चिकटतं. मित्र कोण, त्याचं नाव काय, तो आत्ता कुठे आहे आणि त्याला काय हवंय, हे चार प्रश्न त्या वाक्याला विचारल्याशिवाय ते तुमचं होत नाही.

आणि ७ करिष्म्यात टाकून विसरून जा, हे मात्र मला मुळीच पटत नाही. सातचा आकडा हा सहांतला सर्वांत बोलका आकडा आहे. १६ सांगतो की याला काय जमतं. ७ सांगतो की जे जमत नाही त्यावर याने आयुष्यभर काय तोड काढली. बोलणं न जमणारी माणसं गप्पच बसतात असं थोडंच आहे? काही जण बायकोला पुढे करतात, काही भेटवस्तू घेऊन जातात, काही फार बोलून सगळं बिघडवतात. ताकद नसलेला माणूस कामं कशी करवून घेतो? सात कुठे ठेवायचा ते आधी ठरव आणि बाकीचे पाच आकडे त्याच्याभोवती लाव.

एक गोष्ट तळमळीने सांगते, कारण हा आपलाच इतिहास आहे. १७४० चं पात्र म्हणजे जात आणि धर्म आलेच. त्यांची नक्कल करून हशा पिकवायचा, बोलीची टिंगल करायची, असं टेबलावर झालं की कोणीतरी पुढच्या वेळी येत नाही. सेशन झिरोलाच, म्हणजे खेळ सुरू व्हायच्या आधीच्या बैठकीत, बोलून घ्या: काय दाखवायचं, काय पडद्याआड ठेवायचं, काय अजिबात नको. टेबलावर एक्स कार्ड ठेवा. कोणीही त्याला हात लावला की तो प्रसंग तिथेच थांबवायचा, कारण विचारायचं नाही. पात्राचं वेगळेपण त्याच्या कामातून आणि त्याच्या माणसांतून आणलं की नक्कलेची गरजच पडत नाही.

---

बडोद्याचा_फासा

वरचा प्रतिसाद सुंदर आहे, तरीही दुसरी बाजू मांडतो, कारण मी जुन्या पद्धतीने खेळतो आणि मनापासून खेळतो.

१९७४ साली गायगॅक्स आणि आर्नेसन यांनी हा खेळ काढला तेव्हा तीन फासे टाकायचे, सहा आकडे लिहायचे, तीन वर्गांतला एक घ्यायचा आणि भुयारात उतरायचं, एवढंच होतं. पूर्वकथा कोणी लिहीत नसे, कारण पहिल्याच दारामागे पात्र मरायची शक्यता मोठी. जे तीनचार भुयारांतून जिवंत बाहेर येई त्याची कथा सगळ्यांना तोंडपाठ असे. ती टेबलावर सगळ्यांसमोर घडलेली असे, कोणी घरी बसून लिहिलेली नसे.

मला पटतं ते १९७७ च्या ट्रॅव्हलर या खेळाचं. त्यात पात्राचं पूर्वायुष्य फाशांवर खेळूनच काढतात. चार-चार वर्षांची नोकरी, दर टप्प्यात काय शिकला, बढती मिळाली का, आणि मूळ नियमांत तर खेळ सुरू व्हायच्या आत पात्र मरूही शकतं. रानजाई, तुमच्या कॅम्पेनला हे फार चांगलं बसेल. तुमच्या पात्राचं वय २८ धरा. १७२९ मध्ये कान्होजी वारले तेव्हा तो सतरा वर्षांचा. १७३३ मध्ये बाजीराव जंजिऱ्यावर आला आणि रायगड सिद्दीकडून परत मिळाला तेव्हा एकवीस. १७३७ ला ठाणं, १७३९ ला वसई. या चार ठिकाणी एकेक फासा टाका: कुठे होता, काय मिळवलं, काय गमावलं. आकडा वाईट आला तर वाईटच लिहा. पाचही खेळाडूंनी त्याच चार सालांवर फासे टाकले तर कोणाकोणाची गाठ आधीच पडलेली असेल तेही आपोआप कळेल.

बाकी मोकळं ठेवा. पहिल्या दोनतीन सेशनमध्ये पात्र तुम्हालाच सांगेल ते कोण आहे.

---

मोडी_वाचणारी

सालांवर फासे टाकायची कल्पना मी आमच्या टेबलावर नक्की वापरणार. फार आवडली.

"मोकळं ठेवा" याच्याशी अर्धी सहमत. जीएम म्हणून माझा अनुभव असा की पाच पानी पूर्वकथा वाचून मला काहीच करता येत नाही, कारण त्यात सगळं घडून गेलेलं असतं. अर्ध्या पानावर तीन जिवंत माणसांची नावं आणि प्रत्येकाला पात्राकडून काय हवंय ते लिहून दिलं की मला महिनाभराचं काम मिळतं. तेवढं मात्र आधी हवं. अगदी कोरं पात्र आलं की पहिल्या सेशनला खेळाडू गोंधळतो आणि सवयीने तोच तो गप्प, रागीट तलवारबाज होऊन बसतो.

---

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री ताईंचा प्रतिसाद परत परत वाचला आणि घंटांवर अडकले. आमच्या ठाण्याहून वसई काही लांब नाही. सेंट जोसेफच्या त्या पडक्या मनोऱ्याच्या जिन्याने मी वर गेले आहे, आणि त्यातली घंटा कोणीतरी खाली उतरवली असेल हे कधी मनातच आलं नव्हतं. सूडवाली बाजूला ठेवली. हा नवा माणूस वाचा आणि सांगा:

पास्कोल सुतार, वय २८, राहणार वसई. वेढ्याच्या वेळी किल्ल्यातच होता, तोफांनी फुटलेल्या दारांना फळ्या ठोकत. मे १७३९ मध्ये तह झाला आणि बरेच लोक सामान घेऊन निघून गेले. म्हातारी आई हलू शकत नव्हती, म्हणून हा राहिला. नंतर मराठ्यांच्या कामविसदाराने (महसूल अधिकाऱ्याने) घंटा उतरवायला माणूस शोधला. मनोऱ्याची लाकडं कुठे कुजलीत हे फक्त याला माहीत, म्हणून हाच गेला. आता त्याच्या आळीतले लोक त्याच्याशी बोलत नाहीत. कामविसदाराकडे याची मजुरी अजून थकलेली आहे. आणि घाट चढताना एक दोर सुटला, घंटा घसरली आणि रामा गाडीवानाचा पाय गेला. दोर पास्कोलने बांधला होता. गोव्याला गेलेल्या पाद्रींनी आपली पुस्तकांची पेटी याच्याकडे ठेवलीय आणि ती उघडायची नाही असं बजावलंय. पेटीत एक नकाशा आहे.

फासे टाकले तेव्हा १७३३ ला वाईट आकडा आला. त्या वर्षी याचा बाप मनोऱ्यावर काम करताना पडला, पण मेला नाही, ताई! वर्षभर अंथरुणावर होता, आणि तेव्हापासून घर पास्कोलवर.

ताकद ७. बुद्धी १६, शहाणपण १४, चपळाई १२, तब्येत ११, करिष्मा ९. अंगाने काडी आहे. जड काहीही स्वतः उचलत नाही. कप्पी, दोर, पहार, ओंडके, उतार, यांतलं काहीतरी लावतो. कुठेही शिरला की आधी वर बघतो: काय कशाला टांगलंय आणि ते किती धरेल.

---

मोडी_वाचणारी

रानजाई, वाचून खूप आनंद झाला. ताकद ७ चा सुतार आणि कामाला शेकडो किलोंची घंटा! याला विसरणं कोणालाच जमणार नाही. कुठल्याही बाजूला पुरता न बसणारा माणूस १७४० च्या त्या प्रदेशाला अगदी शोभतो.

पेटी आणि नकाशा काढून टाक. नकाशा हा जीएमने द्यायचा माल आहे, आणि तो आला की सगळं कॅम्पेन त्याच्यामागे धावेल आणि रामा मागे पडेल. रामा हे या पात्राचं काळीज आहे. आई, कामविसदार आणि रामा, तिघं पुरेत. प्रत्येकाला काय हवंय ते एकेका ओळीत लिही. आईला बहुतेक तिची आळी परत हवी असेल. कामविसदाराला दुसरी घंटा हवी असेल, आणि मजुरी तोवर रोखून धरलेली. रामाचं मात्र तू लिहू नकोस, ते जीएमला लिहू दे. त्याला पैसे हवेत, माफी मागणारा माणूस हवाय, की पास्कोलचा पाय हवाय, हे खेळताना कळलं तर तुझं बोलणं खरं येईल.

आणखी एक. गटातल्या कोणाला तरी विचार की तुझं पात्र रामाला ओळखतं का. अपोकॅलिप्स वर्ल्ड या २०१० च्या खेळात पात्रं बनवतानाच ही फेरी असते, एकमेकांबद्दल काय ठाऊक आहे ते तिथेच ठरतं. आईबाप गमावलेल्या चौघांपैकी एकाला भाऊ मिळाला तर त्याचंही पात्र सुधारेल.

---

रानजाई

पेटी गेली. (नकाशाचं थोडं वाईट वाटलं.) आणि ऐका, गालावर वार असलेल्या दोघांपैकी एकाने रामाचा धाकटा भाऊ व्हायचं कबूल केलंय. तो म्हणाला, दोर कोणी बांधला होता ते माझ्या पात्राला अजून माहीत नाही असं ठेवूया. जीएमही तयार आहे.

आता शेवटचा प्रश्न नियमांचा. ताकद ७ म्हणजे वजा दोन. कप्पी लावून काही हलवायचं असेल तर फासा ताकदीचा टाकायचा का? मग तर हा रोजच हरेल.

---

वीसपैलू

नाही, ताकदीचा नको. पार्श्वभूमी कारागीर-संघाची घे, तिच्यातून सुताराच्या हत्यारांचं प्रावीण्य मिळतं. हत्यारांची चाचणी कोणत्या गुणावर घ्यायची ते जीएम प्रसंग बघून ठरवतो, आणि कप्पीची जुळणी म्हणजे सरळ बुद्धी. १६ चे अधिक तीन, वर प्रावीण्याचे अधिक दोन, म्हणजे पहिल्याच पातळीला अधिक पाच. नुसत्या अंगावर वाहून न्यायला गेला तर ताकद गुणिले पंधरा, म्हणजे १०५ पाउंड, सुमारे ४८ किलो, आणि त्यात अंगावरचं सामानही आलं. इतका फरक असेल तर सात ताकदीला देण्यात माझी काहीच हरकत नाही, उलट मी स्वतःही असं एक पात्र बनवायला घेतोय.

---

मोडी_वाचणारी

वीसपैलूंनी बरोबर सांगितलंय. त्यात एवढीच भर घाल: जीएमशी आधीच ठरव की जुळणीला वेळ लागेल. लढाईची एक फेरी सहा सेकंदांची. दोर टाकून, कप्पी बांधून, ओंडका खाली सरकवायला दहा फेऱ्या धर, म्हणजे एक मिनिट. लढाईत मिनिट फार मोठं असतं. तेवढा वेळ बाकीच्या चौघांना त्याच्याभोवती उभं राहून त्याला राखावं लागेल, आणि रामाचा भाऊ त्या चौघांत असेल. फासा एकदाच आणि दहाव्या फेरीला टाक, आधी टाकू नकोस. आणि दोर कोण धरतंय ते प्रत्येक वेळी मोठ्याने विचार.